विसावं नख

गोरक्षनाथाच्या घराच्या ओट्यावर टेकलेल्या माणसाला चहा मिळेलच याची खात्री नसे. लढाईचे दिवस, साखर रेशनच्या चिठ्ठीवर, आणि गुळाच्या चहालाही गोरक्षनाथाची बायको मुक्ताबाई हात आखडता घेई. पण कुत्र्याची नखं मोजून झाल्याशिवाय त्या माणसाला उठता येत नसे, एवढं मात्र नक्की. पाहुणा असो, वाटसरू असो की पीकपाहणीला आलेला तलाठी असो, गोरक्षनाथ हौशाला हाक मारी, त्याला आडवा पाडी आणि एकेक पंजा हातात घेऊन मोठ्यानं मोजायला लागे.

साध्या कुत्र्याला अठरा नखं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पण एखादं असं निपजतं की त्याच्या मागच्या पायांनाही आतल्या अंगाला, जरा वर, एकेक जादा नख लोंबत असतं. ते झालं विसनखी. विसनखी कुत्रं बिबट्यापुढून मागं हटत नाही, असं राजूरच्या आसपासच्या डोंगरात झाडून सगळे मानत. आणि त्याच्या नखाला लोखंड लागलं की त्याचं पाणी गेलं, असंही मानत. कुणी लावून पाहिलं होतं का, असं विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

हौशा मिळाला एका धनगराकडून. कोकणात उतरताना त्याची मेंढरं तीन रात्री गोरक्षनाथाच्या शेतात बसली होती. निघताना धनगरानं काळ्या-तांबड्या रंगाचं मूठभर पिल्लू त्याच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाला, "ईस नखं हायेत. जप." गोरक्षनाथानं जपलं. पहिल्या वर्षी तर आपल्या ताटातली भाकरी मोडून घातली. देवानं त्याला चारचौघांत सांगण्यासारखं दुसरं काही दिलं नव्हतं. भात इतरांइतकाच पिके, भजनात आवाज बेसूर लागे, वाडवडिलांच्या नावावर एक पराक्रम नव्हता. मग माणसानं कुत्रं तरी मिरवू नये का? मिरवावं की. पण मिरवायलाही काही आवर लागतो, आणि तोच त्याच्यापाशी नव्हता.

बाजाराच्या दिवशी तो हौशाला घेऊन दोन कोस चालत राजूरला जाई. मीठमिरची घ्यायला पाव घटका, आणि हौशाला दाखवायला अख्खा दिवस. अशाच एका बाजारात, आषाढ लागायच्या आधी, त्याला मरियाबाई भेटली.

मरियाबाई राजूरच्या मिशनच्या लहानशा दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम करी. आज्यापासून ख्रिस्ती घर. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, घरात दोन कुत्री आणि ती. गोरक्षनाथ भाजीवाल्यांच्या घोळक्यात हौशाचे पंजे मोजत होता, तेव्हा ती वांगी निवडता निवडता थांबली, वाकली आणि हौशाच्या मागच्या उजव्या पायाकडे बघत म्हणाली, "भाऊ, ह्ये वरचं नख बघा. जिमिनीला टेकत न्हाई, म्हंजी झिजत न्हाई. वाढून वाढून गोल व्हतं आन मासात शिरतं. माझ्याकडं आना, अडकित्त्यानं येवढंसं टोक काढून देते. माझ्या कुत्र्यांचं मी म्हैन्याच्या म्हैन्याला काढते."

गोरक्षनाथाचा शेजारी आसाराम बाजूलाच उभा होता. हसायला त्याला निमित्त लागत नसे. "अडकित्त्यानं?" तो ओरडला. "बाई, सुपारी हाय व्हय ती?"

लोक हसले. आता सगळं हसू आसारामच्या पदरात पडतंय, हे गोरक्षनाथाला बघवेना. ते आपल्या बाजूला ओढायला पाहिजे होतं. त्यानं मिशीवर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बाई, तुमच्यात द्येवसुदिक बदलता येतो. आमच्यात कुत्र्याचं नखसुदिक बदलत न्हाई!"

बाजार खदखदला. कुणी त्याच्या पाठीत थाप मारली. मरियाबाईनं वांगी पिशवीत घातली, पैसे दिले, आणि जाताना एवढंच म्हणाली, "द्येवाचं माझं मी बघंन, भाऊ. कुत्र्याचं तुमी बघा."

हे वाक्य गोरक्षनाथाच्या कानावरून गेलं. त्याला ऐकू येत होतं ते फक्त आपलंच. घरी पोचेस्तोवर ते त्यानं चार जणांना सांगितलं, आणि पुढचा महिनाभर ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. मुक्ताबाईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "बाईमानसाला चारचौघांत आसं बोललात?" तिनं विचारलं. बायकांना गंमत कळत नाही असं त्याचं मत होतं, आणि ज्याला आपली चूक कळत नाही त्याला असली मतं फार सोयीची पडतात.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. अकोल्याहून मुक्ताबाईचा भाऊ आला होता. गोरक्षनाथ नखं मोजायला बसला. पुढचे दोन पाय झाले, मागचा डावा झाला, शेवटी मागचा उजवा. "सोळा, सतरा, अठरा, एकोनीस..." विसाव्या नखावर बोट पडलं आणि हौशा गुरगुरला.

"आरं तिच्या!" आसाराम ओट्याखालून ओरडला. "गड्याला मोजता येतंय! ईस झाले म्हनून सांगतोय त्यो!"

झालं. गोरक्षनाथाला आकाश ठेंगणं झालं. नखं वीस आणि वर मोजणी शिकलेला कुत्रा! दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा मोजून पाहिलं. वीस म्हणताच गुर्र. तिसऱ्या दिवशी गुर्र. मग लोक मुद्दाम बघायला यायला लागले. एखाद्या दिवशी हौशा नुसताच अंग चोरून पडून राही, गुरगुरत नसे. मग आलेल्या माणसाचा हिरमोड होऊ नये म्हणून गोरक्षनाथ त्या नखावर अंगठा जरा दाबून धरी. दाबला की गुरगुरे. सगळे हसत. तोही हसे.

त्याला काहीच कळलं नव्हतं असं म्हणावं, तर तेही खरं नाही. दसऱ्याच्या सुमाराला मुक्ताबाई म्हणाली, "अवो, त्यो पाय टेकत न्हाई बगा." तो म्हणाला, काटा मोडला असेल. पण संध्याकाळी गोठ्यात कुणी नसताना त्यानं हौशाचा पाय उचलून पाहिला. नख कोयत्यासारखं वळलं होतं आणि त्याचं टोक कातड्यात रुतायला लागलं होतं. बाईनं सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. त्यानं पाय खाली ठेवला. त्याच घटकेला एखादी कात्री घेऊन शेंडा उडवला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण मग नखाला लोखंड लागलं हे गावाला कळलं असतं, आणि बाजारात आपण जिला हसलो त्या बाईचं खरं झालं असतं. आपोआप मोडून पडेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. स्वतःची समजूत घालणं फार सोपं असतं, समोरचा उलट बोलत नाही. चार दिवसांनी तलाठी आला तेव्हा त्यानं पुन्हा मोजलं.

मार्गशीर्षात भाताची झोडणी चालली होती. ऊन कलायला लागलं होतं, शेरडं ओढ्यावरून परतत होती, आणि घाणेरीच्या झुडपातून बिबट्या निघाला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं आसारामची पाठ धरली. पाठ म्हणजे नुकतीच गाभण राहिलेली शेळी. हौशा खळ्याच्या कडेला पडला होता. तो उठला. भुंकत तीन पायांवर पाच-सहा ढांगा धावला, चौथा पाय टेकला, आणि केकाटून कोसळला. बिबट्या शेळी घेऊन चढावर निघून गेला.

खळ्यावर झोडणी थांबली. मग आसाराम म्हणाला, "ह्योच का रं तुझा विसनखी?" शेळी त्याची गेली होती, त्याला बोलायचा हक्क होता. पण बाकीच्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि गोरक्षनाथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं बैलांचा आसूड उचलला आणि सगळ्यांसमोर हौशाला झोडपला. "नामर्दा! खाल्लेल्या भाकरीची लाज न्हाई तुला!" हौशा पळाला नाही. पळता येत नव्हतं. तो नुसता अंगाची जुडी करून फटके घेत राहिला आणि मधूनच वाकून तो पाय चाटत राहिला. शेवटी एका म्हातारीनं आसूड धरला तेव्हा कुठं गोरक्षनाथ थांबला. त्यानं कुत्र्याला गोठ्यामागं बांधलं आणि कुणीही भाकर घालायची नाही असं बजावलं. मुक्ताबाईनं ऐकून घेतलं आणि आपल्या पदराखालून घालायची ती घातलीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "पायाला वास येतोय. सुजून केवढा झालाय. रातीपासनं पानीबी पीत न्हाई."

"मरू दे," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"मरियाबाईकडं न्या."

"दुसरं कोन..."

"दुसरं कोन हाय? तुमी न्हाई नेलं तर मी नेते. पन मग रस्त्यात जो भेटंल त्याला सांगंन, कुत्रं कुनाचं आन त्याला मारला कुनी."

मुक्ताबाई बोलल्याप्रमाणे करणारी होती. गोरक्षनाथानं हौशाला घोंगडीत गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि निघाला. ज्या वाटेनं तो त्याला मिरवत नेई ती सरळ वाट सोडून ओढ्याच्या कडेकडेनं, काट्याकुट्यातून गेला. तरी राजूरच्या अलीकडं लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बाया समोर आल्याच. "काय नेता भाऊ?" एकीनं विचारलं.

"कोकरू हाय. आजारी हाय जरा."

घोंगडीतून हौशाचं काळं शेपूट हातभर बाहेर लोंबत होतं. बायांनी शेपटाकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं, आणि बिचाऱ्या काही न बोलता पुढं गेल्या. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. अंग तापानं फणफणल्यासारखं लाजेनं गरम झालं होतं, आणि मानेपाशी हौशाचा श्वास लागत होता, तो त्याहून गरम होता.

मरियाबाईचं घर दवाखान्याच्या मागंच होतं. अंगणात दोन बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. एकाच्या गुडघ्याला लागलं होतं, दुसऱ्याच्या कानाला. मरियाबाईनं वर पाहिलं, माणूस ओळखला, घोंगडी पाहिली. ती एखादा टोमणा मारेल म्हणून गोरक्षनाथ मनाची तयारी करून आला होता. टोमण्याला काय उत्तर द्यायचं तेसुद्धा त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "खाली ठिवा. हितं, सावलीत."

हौशाचा मागचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. केस रक्तापुवानं चिकटून त्यांचा लगदा झाला होता, त्यात नख कुठलं आणि बोट कुठलं हे दिसत नव्हतं.

"दुखतंय कुठं?" तिनं विचारलं.

"मागं. उजवा पाय."

"त्ये मलाबी दिसतंय. बोट कंचं?"

त्याला सांगता येईना. म्हणजे सांगता येत होतं, पण तोंडातून निघेना.

"बरं, आसं करा," ती म्हणाली. "मी परकी. मी हात लावला तर त्यो नुसताच गुरगुरंल, दुखल्याचं हाय का भ्याल्याचं हाय ते कळनार न्हाई. तुमचा हात त्याच्या सवयीचा. तुमी रोज नखं मोजता म्हनं. तशीच मोजा."

तिच्या बोलण्यात कुठंही खोच नव्हती. तिला खरंच बोट शोधायचं होतं. पण गोरक्षनाथानं आधी अंगणाकडं पाहिलं. त्या दोन बायका बघत होत्या, पोरं बघत होती. त्यानं पुढचा पंजा हातात घेतला. एक, दोन, तीन... ओट्यावर हाच आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई, आता स्वतःच्या कानांनासुद्धा नीट ऐकू येईना. दहा झाले. पंधरा झाले. मागच्या उजव्या पायाला हात लागला तसं हौशानं डोळे मिटून घेतले. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस.

वीस हा शब्द त्याच्या तोंडातून आलाच नाही. बोट अजून पुढं गेलं नव्हतं, नुसतं उचललं होतं. हौशा गुरगुरला. तोच आवाज, तसाच, तेवढाच.

मरियाबाईनं मान वर केली. "ह्यो आसा कवापासनं गुरगुरतो?"

"पितरांच्या पंधरवड्यापासनं."

"तीन म्हैने? आन मग तुमी काय करायचा?"

खोटं बोलायला जागा होती. सकाळपासून तो खोटंच बोलत आला होता. पण कुत्रा समोर पडला होता आणि पंजा अजून त्याच्या हातात होता.

"आमी हसायचो," तो म्हणाला.

ज्या पोराचा कान दुखत होता ते रडायचं थांबून त्याच्याकडं बघायला लागलं. गोरक्षनाथाला सगळे ओळीनं आठवले: अकोल्याचा मेहुणा, तलाठी, भजनी मंडळी, देवळातला गुरव, आपणच हाक मारून ओट्यावर बसवलेला प्रत्येक माणूस. त्या प्रत्येकाच्या वेळी हौशा सांगत होता, आणि कितीकदा तरी ह्यानं वर अंगठा दाबला होता. एखाद्या वैऱ्यानंही इतक्या नेमानं छळलं नसतं. आणि वर आसूड. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळलं. पण धरणी काही फाटत नाही, माणसाला तिच्यावर बसून राहावं लागतं.

"धरा त्याला," मरियाबाई म्हणाली. लुगड्याच्या काठाची एक पट्टी घेऊन तिनं हौशाच्या तोंडाला वेढा दिला आणि कानांमागं गाठ मारली. "दुखलं का कुत्रं धन्यालाबी चावतं. त्यात त्याचा गुन्हा न्हाई." चुलीवर मिठाचं पाणी उकळून निवत ठेवलं होतं, त्यानं तिनं लगदा भिजवून मऊ केला, कात्रीनं केस कापले. मग दिसलं. नख गोल फिरून परत आपल्याच पायाच्या मासात घुसलं होतं, आणि भोवती पू धरला होता.

तिनं उकळलेला अडकित्ता घेतला. "ह्ये बघा, नखाच्या पोटात गुलाबी रेघ दिसती. तितं रगत आसतं, जीव आसतो. तिच्या अलीकडंच कापायचं. तांदळाच्या दान्यायेवढं, जास्ती न्हाई. काळ्या नखात रेघ दिसत न्हाई, मग पातळ पातळ काप काढायचे, घाई न्हाई करायची. चुकून रगत आलंच तर तुरटीची पूड दाबून धरायची." कट असा आवाज झाला. वळलेला भाग सुटा झाला आणि तिनं चिमट्यानं तो मासातून ओढून काढला. हौशाचं अंग एकदा ताठ झालं, मग सैल पडलं. पुवाची धार लागली.

"मरियाबाई," गोरक्षनाथ म्हणाला, "त्या दिशी बाजारात म्या..."

"हातातला पाय सोडू नका."

त्यानं पाय धरून ठेवला. तिनं जखम लाल औषधाच्या पाण्यानं धुतली, तळव्यालगत आणि बोटांच्या बेचक्यात कापूस ठेवला आणि पट्टी बांधली. पट्टीखाली आपलं बोट घालून दाखवलं. "येवढी ढिली पायजे. आवळली तर पंजा सुजतो. रोज सोडायची, मिठाच्या कोमट पान्यानं धुवायची, कोरडी करून मगच बांधायची. चिखलात जाऊ द्यायचा न्हाई, चाटू द्यायचा न्हाई. म्हैन्यानं परत आना, चारी पायांचं बघू." घोंगडी उचलताना हौशाच्या पाठीवरचे वळ तिला दिसले. तिनं त्यावरून दोन बोटं फिरवली आणि विचारलं काहीच नाही.

फाटकापाशी गोरक्षनाथानं पुन्हा तोंड उघडलं. "म्या लई वंगाळ बोललो तुमाला. माफी करा."

मरियाबाई हात धूत होती. "बोलला भर बाजारात, भाऊ, आन माफी मागता परसात?" एवढं बोलून ती गुडघा फुटलेल्या पोराकडं वळली.

पाय सुधारत गेला. आठ दिवसांत सूज उतरली, पंधरा दिवसांत हौशा चार पायांवर उभा राहिला. पण हे सगळं मुक्ताबाईच्या हातून. गोरक्षनाथ पट्टी घेऊन जवळ गेला की हौशा उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसे. भाकर घातली तर खाई, हाक मारली तर शेपूटही हलवी. पायाला हात मात्र लावू देत नसे. मुक्ताबाई बसली की तिच्या मांडीवर पाय टाकून झोपे. गोरक्षनाथ दारातून बघे आणि काहीतरी काम असल्यासारखा निघून जाई.

एकदा आसाराम दोघा पाहुण्यांना घेऊन आला. त्यांना मोजणारा कुत्रा बघायचा होता. "आजारी हुता," गोरक्षनाथ म्हणाला. काय झालं होतं? "काटा मोडला हुता." चौकटीत मुक्ताबाई उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आत गेली, आणि त्या दिवशी त्याला ताट वाढताना एक शब्द बोलली नाही. तो दोन बाजार राजूरला गेला नाही. मीठमिरची शेजाऱ्याकडून आणवली. लाज माणसाला सुधारते असं म्हणतात, पण आधी ती त्याला लपायलाच शिकवते, आणि गोरक्षनाथ, चांगला चाळिशी उलटलेला बाप्या, गोठ्यात लपून दिवस काढत होता.

महिना भरला. दवाखान्यात मधल्या वारी जाता आलं असतं, त्या वेळी अंगणात दोन-चार माणसंच असती. तो एका दिवशी निघालाही, ओढ्यापर्यंत जाऊन परत आला. बाजाराच्या दिवशी मात्र त्यानं सकाळीच अंगरखा चढवला, हौशाला हाक मारली आणि सरळ वाटेनं चालायला लागला. कुणी विचारलं कुठं, तर म्हणाला, मरियाबाईकडं. का, तर म्हणाला, तिथं गेल्यावर सांगतो. ते ऐकून आसारामही मागं निघाला, त्याला असल्या गोष्टी चुकवता येत नसत.

मरियाबाई सुकटवाल्यांपाशी होती. गोरक्षनाथ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. आजूबाजूला बरीचशी तीच तोंडं होती, हसलेली.

"मरियाबाई," तो म्हणाला, आणि आवाज चढवला, कारण त्या दिवशी चढवला होता. "म्या हितंच तुमच्या द्येवावरनं बोललो. हे सगळे हसले. तुमी नखाचं सांगितलं त्ये खरं हुतं. म्या ऐकलं न्हाई. नख मासात गेलं, मुकं जनावर तीन म्हैने कन्हत हुतं, आन म्या त्याला गुरगुरायला लावून लोकं हसवली. पळता आलं न्हाई म्हनून आसुडानं मारला. काटाबिटा कायबी मोडला नव्हता. माझं चुकलं, बाई."

सुकटवाल्यानं तागडी खाली ठेवली. कुणी हसलं नाही. आसारामही नाही, तो खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मोजणारा कुत्रा हे खूळ त्यानंच काढलं होतं.

मरियाबाई विरघळली वगैरे नाही. "बसा," ती म्हणाली. "नखं बघू." तिथंच एका पोत्यावर ती बसली, पिशवीतून अडकित्ता काढला आणि हात पुढं केला. हौशानं आपण होऊन तिच्या हातात पंजा दिला आणि शांतपणे बाजाराकडं बघत राहिला. तिनं पुढच्या पायाच्या आतल्या नखाचं टोक काढलं, दुसऱ्याचं काढलं, मागच्या डाव्याचं काढलं. मग अडकित्ता गोरक्षनाथापुढं धरला. "आता ह्ये एक तुमी. मी किती दिस पुरनार?"

त्यानं अडकित्ता घेतला. रेघ कुठं असते ते त्याला आता माहीत होतं. तो वाकला आणि हौशाच्या मागच्या उजव्या पायाकडं हात नेला. हौशानं पाय पोटाखाली ओढून घेतला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. गोरक्षनाथानं थोडं थांबून, पुन्हा हळूच हात नेला. हौशानं पाय आणखी आत घेतला आणि तोंड फिरवलं.

शेवटी मागून एका म्हाताऱ्यानं, ज्याला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं, साध्या मनानं विचारलं, "का रं बाबा, कुत्र्याला धनी वळखू येत न्हाई का?"

"येतो की वळखू," गोरक्षनाथ म्हणाला. "म्हनून तर पाय देत न्हाई."